सोळा थाऊ

जुनी दुनळी बंदूक टेबलावर आली की मी आधी नळ्या सोडवतो. कोरीवकाम, अक्रोडाचा दस्ता, कंपनीचं नाव हे सगळं नंतर. नळ्यांची जोडी दोरीला टांगून लाकडी हातोडीनं हलकेच टिचकी मारायची. नाद स्वच्छ लांबत गेला तर मधल्या पट्टीचं झाळकाम शाबूत आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलं आहे.

आमची कार्यशाळा न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजजवळ आहे. एल. सी. स्मिथ आणि लेफिव्हर या बंदुका इथल्याच. स्मिथचा कारखाना हंटर बंधूंनी 1890च्या सुमारास शेजारच्या फुल्टनला नेला, आणि बंदुका बनवणारं इथाका गावही फार लांब नाही. त्यामुळे या भागातल्या गोठेवाल्यांच्या घरी आजोबांची एखादी दुनळी हमखास निघते.

त्या दिवशी आलेले गृहस्थ म्हणजे असेच एक निवृत्त दूधवाले. त्यांनी दोन बंदुका आणल्या होत्या. एक नुकतीच विकत घेतलेली बारा बोअरची फॉक्स स्टर्लिंगवर्थ, फिलाडेल्फियाची. दुसरी आजोबांची पार्कर, कनेक्टिकटमधल्या मेरिडनची, बाहेर घोडे (चाप दाबल्यावर आदळून बार उडवणारे हातोडे) असलेली, दमास्कस नळ्यांची. क्रमांकावरून ती 1890च्या दशकातली ठरत होती.

"फॉक्स शनिवारी क्ले पिजनवर, हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर, चालवायची आहे, तेवढी बघून द्या. पार्कर भिंतीवर टांगण्यापुरती पुसून ठेवा," ते म्हणाले.

त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. दमास्कस म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून केलेली नळी. पार्करसारखे कारखाने अशा नळ्या बेल्जियमहून मागवत. एखादा सांधा आतून कच्चा राहिला असेल तर डोळ्यांना कळत नाही, म्हणून नुसती पाहून दमास्कस कुणीही चालवू नये. फॉक्स मात्र एकसंध पोलादाची. बंदूक उघडायची वरची चावी अजून मध्यरेषेच्या उजवीकडे थांबत होती, म्हणजे नळ्या बंद धरणारा बोल्टही झिजलेला नव्हता. आत उजेड धरला तर दोन्ही नळ्या लखलखीत.

मला खटकला तो लखलखाटच. एवढ्या वर्षांच्या वापरात एकही खड्डा नाही? नळीचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज घातला. बारा बोअरच्या नळीचा मूळ आतला व्यास 729 थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. डावी नळी भरली 747. कुणीतरी गंजाचे खड्डे होनिंग करून, म्हणजे नळी आतून घासून, काढले होते, म्हणजे भिंतीची चहूबाजूंनी नऊ थाऊ गेली. बाहेरून नवा निळा रंग चढवण्याआधीही पॉलिश मारलं होतं, नळीवरची अक्षरं पुसट झाली होती. भिंतीची जाडी घेतली, आणि तोंडाकडच्या एक तृतीयांश भागात काटा सोळा थाऊवर आला. पंचवीसच्या खाली मी चालवायला हो म्हणत नाही.

ब्रिटनमध्ये नळी ठरावीक मर्यादेपलीकडे घासली की प्रूफ हाउसचा, म्हणजे बंदुकांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, शिक्का बाद होतो. अमेरिकेत अशी कायद्याची सक्ती कधीच नव्हती. इथे मोजमाप हेच प्रमाणपत्र, आणि विकणाऱ्यानं ते दिलं नसेल तर घेणाऱ्यानं मागायलाच हवं.

मग मी पार्कर हातात घेतली. आत बारीक खड्डे, दिसायला काळसर. बोअर 731. सर्वांत पातळ जागी भिंत बत्तीस थाऊ. कुणी हात लावलेलाच नव्हता. नाद स्वच्छ, बिजागरीत खेळ नाही.

ती त्याच दुपारी जुन्या टायरच्या चौकटीत बांधली, काळ्या दारूची काडतुसं घातली आणि लांबून दोरीनं दोन्ही चाप ओढले. प्रत्येक वेळी नळ्या पुन्हा मोजल्या. काही हललं नव्हतं. हे झाल्यावरच बंदूक त्यांच्या हाती दिली.

पहिली तबकडी हुकली. या जुन्या दस्त्यांचा उतार फार असतो. आजच्या सवयीनं गाल दाबला की नजर पट्टीत बुडते. मी म्हटलं, "मान ताठ ठेवा, बंदूक तुमच्याकडे येऊ द्या." दुसऱ्या वेळी त्यांनी अंगठ्यानं घोडा ओढला, पुढचा चाप दाबला, आणि समोर सगळा पांढरा धूर. तबकडी फुटली की नाही हे वारा आल्यावर कळलं. फुटली होती. ते मोठ्यानं हसले आणि आणखी काडतुसं मागितली. कारखान्यातून निघाल्यापासून बेइमान न झालेली वस्तू अशी काम करताना पाहणं, यासाठीच मी हा धंदा करतो.

फॉक्ससाठी मी मापांचा कागद सही करून दिला. तो दाखवून त्यांनी पैसे परत मिळवले. पार्करसाठी अडीच इंची, कमी दाबाची काडतुसं मागवली. आजची पावणेतीन इंची त्यात कधीही भरायची नाहीत, अशी चिठ्ठी मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली.