तुम्ही विचारलंत म्हणून : आमची रिकामटेकडी

सांगलीत कुणाच्या दारात होडी दिसली की माणूस पहिल्यांदा एकच विचारतो, "पुरासाठी घेतली काय ओ?" दूधवाल्यानं विचारलं, गॅसवाल्यानं विचारलं, मुलीच्या शाळेतल्या बाईंनीही विचारलं. मग मागच्या पाटीवरचं नाव वाचतात आणि दुसरा प्रश्न येतो, "आणि हे असलं कसलं नाव?" तुम्हीही परवा दोन्ही विचारलंत. फाटकापाशी उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

पुरासाठी नाही. पुरात तिचा काडीचा उपयोग नाही. शिडाच्या होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात सोडलेली असते, म्हणून वारा तिला आडवी ढकलू शकत नाही. ही फळी आमच्या गल्लीत पहिल्याच कंपाउंडच्या भिंतीवर अडकेल आणि डोलकाठी विजेच्या तारांत जाईल. एवढं करून घरांच्या मधल्या बोळात वारा मिळणार कुठला? तिथं असते ती पाण्याची ओढ. २०१९ ला माणसं काढायला आल्या त्या बहुतेक रबरी बोटी होत्या, मागं इंजिन लावलेल्या.

आमच्याकडे नदी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर. माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी हे आकडे पाठ झाले. जुलै-ऑगस्टात अख्खं गाव मोबाईलवर कृष्णा बघतं आणि उरलेले दहा महिने पुलावरून जाताना मान वळवत नाही. मला पोरीला त्या दहा महिन्यांतली नदी दाखवायची होती. बस, एवढ्यासाठी.

मुंबईला कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल युनिटमध्ये मी 'एंटरप्राइज' जातीची होडी चालवली होती. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजानं १९५६ साली तिचा आराखडा काढला. लांबी ४.०४ मीटर, शिडं निळी, चालवायला दोन माणसं. तसलीच एक जुनी, प्लायवूडची, कोकणात एकाकडे पडून असल्याचं कळलं. "नुसता रंग मारायचाय, बाकी टकाटक," असं विकणारा म्हणाला. मी भुललो. आंबा घाटातून ती पिकअपमधून आली, मागं हातभर बाहेर, टोकाला लाल फडकं बांधून. आईनं कसली मिरवणूक म्हणून बघितलं आणि आत निघून गेली.

रंग खरवडायला घेतला तसा रंगाखालून रंग निघत गेला, आणि त्याखाली लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी. कुठं कुठं इतकी लांबी भरलेली की होडी लाकडाची की लांबीची, असा प्रश्न पडावा. कुजलेलं नेमकं कुठवर गेलंय ते डोळ्यांना कळेना. शेवटी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांना गाठलं. जन्मात होडीला हात लावला नव्हता त्यांनी, पण आले. चष्मा कपाळावर सारला, पालथ्या होडीला कान लावल्यासारखे वाकले आणि बोटाच्या पेरानं टकटक करत नाकाकडून मागं सरकत गेले. टक, टक, टक, ठप. तिथं खडूची रेघ. पुन्हा टक, टक. तंबोऱ्याचा भोपळा असाच वाजवून घेतात म्हणे. पंधरा मिनिटांत होडीवर खडूचा नकाशा तयार झाला. मी कापत गेलो आणि रेघेच्या आत लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं निघत गेलं, रेघेबाहेर खणखणीत. पैसे घ्यायला तयार नव्हते. चहा घेतला, जाताना डोलकाठीवरही एकदा पेर वाजवून बघितलं.

नवे तुकडे बसवले, इपॉक्सी, वर काचेचं कापड, मग पॉलिश पेपर. हा भाग कंटाळवाणा आहे, सांगत नाही. दोन पावसाळे गेले एवढं समजा. गळती मात्र सापडेना. मग होडी दोन टेबलांवर ठेवली, आत पाइपनं चार बोटं पाणी सोडलं आणि मुलगी खाली उताणी पडून बॅटरी धरून बघत बसली. "बाबा, पडला!" फळी ज्या खोक्यातून खाली जाते, ते खोकं तळाला जिथं चिकटतं त्या सांध्यातून तिच्या कपाळावर थेंब पडला होता.

आता नाव. या दोन वर्षांत होडीनं पोर्च अडवला, स्कूटर रस्त्यावर गेली, गहू वाळवायची जागा गेली. आई रोज म्हणायची, "सगळी कामाला लागल्यात, ही रिकामटेकडी तेवढी लोळतीय." नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र तिला 'कृष्णामाई' हवं होतं. मुलीला 'निळू'. बारशाला मान आत्याचा, म्हणून इचलकरंजीहून माझी बहीण आली. कान कुठला शोधायचा म्हणून होडीच्या नाकाशीच 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाली, "आई, दोन वर्षं तूच हिला नावं ठेवतीयस. त्यातलंच एक ठेवलं." आई हसली नाही, पण नारळ तिनंच फोडला.

पेंटरनं मागच्या पाटीवर मोठ्या झोकात 'रिकामटेक' लिहिलं आणि जागा संपली. 'डी' वरच्या अंगाला चढवलाय. टेकडी आहे, चालायचंच, असं त्याचं म्हणणं.

पाण्यात उतरवताना आईची एकच अट होती. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेलीच बोट उलटली, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे जॅकेट घातल्याशिवाय घाटाची पायरीसुद्धा उतरायची नाही. पहिल्यांदा गेलो ते मार्चमध्ये, दुपार कलल्यावर. नदी इथं साधारण दक्षिणेला वाहते आणि त्या वेळचा वारा पश्चिमेच्या काठावरच्या सांगलवाडीकडून, म्हणजे आडवा येतो. आडव्या वाऱ्यावर जाताना शीड भरतं तसंच येतानाही भरतं. शिकणाऱ्याला याहून सोपा वारा नाही. उसामागं गेलो की शीड लगेच पडायचं, मळा संपला की झटक्यात भरायचं. मुलगी सुकाणू धरून होती. पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे तिनं एकदा बघितले, मग वाऱ्याकडे तोंड केलं.

आता दर रविवारी जातो. म्हणजे एप्रिलपर्यंत जात होतो. आठवडाभर होडी दारातच पालथी असते आणि तिची पाठ छान तापते, हे आईच्या लक्षात आलंय. गेले दोन रविवार तिच्यावर पांढरं धोतर अंथरून कुरडया वाळतायत. हलवायची नाही, अशी ताकीद आहे.