काटेरी वामींची टाकी: ऑगस्ट ते जानेवारी

ऑगस्ट: जात आणि टाकी

आधी जात नक्की करा, टाकीचं माप त्यावर ठरतं. मासळी बाजारात दिसणारी मोठी वाम म्हणजे मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. ती ९० सेंमीपर्यंत जाते, तिला ३ फुटी टाकीत ठेवण्यात अर्थ नाही. फायर ईल ही दुसरी काटेरी वाम तर मीटरभर होते. घरासाठी मॅक्रोग्नॅथस पँकॅलस बरी, १८ सेंमीच्या आसपास थांबते. बोटभर पिल्लं सारखीच दिसतात, पण शेपटी बघा: आर्मेटसचे पाठीचे आणि पोटाकडचे पर शेपटीत मिसळून एकच झालर होते, पँकॅलसची शेपटी सुटी आणि गोलसर असते. दुकानदार काय नाव सांगतो त्यापेक्षा ही खूण भरवशाची.

टाकी ९० × ३८ × ३८ सेंमी. ६ सेंमी वाळू, काठाखाली ५ सेंमी मोकळी. निव्वळ पाणी साधारण ९२ लिटर. तीन वामींना पुरतं.

वाळू

अर्धी लढाई इथेच. वाम दिवसा वाळूत शिरून फक्त नाक बाहेर ठेवते. नाशिकमध्ये बांधकामाला सर्रास मिळते ती क्रश सँड, म्हणजे फोडलेला काळा दगड. कण धारदार असतात, वाळूत शिरताना कातडी खरवडते, मग पांढरे चट्टे आणि जिवाणूंचा संसर्ग. औषधाने तेवढ्यापुरतं बरं होतं, वाळू तीच राहिली की पुन्हा येतं. स्विमिंग पूलच्या फिल्टरची गोल कणांची सिलिका वाळू घ्या, ०.६ ते १.२ मिमी. या मापाला ३० किलोच्या आसपास लागते. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे, परत करा. बादलीत ढवळून पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची.

अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे वाळूखाली प्लेट टाकून चालणारा, नको. बारीक वाळूने प्लेट चोंदते, आणि कुठे फट राहिली की वाम प्लेटखाली जाऊन बसते. दोन स्पंज फिल्टर, दोन कोपऱ्यांत. लपायला पाऊण इंची पीव्हीसीचे २० सेंमीचे तुकडे, दोन्ही तोंडं उघडी, कापलेली कड पॉलिश पेपरने घासलेली. माशांपेक्षा एक तुकडा जास्त ठेवला की भांडणं कमी.

सप्टेंबर: पाणी

जुन्या टाकीतला पिकलेला स्पंज टाकून सायकल सुरू, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं. टाकीत घातलेला २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तेव्हाच मासे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेट): १०० लिटरला १.५ ग्रॅम, २ पीपीएम क्लोरीनला तेवढं पुरतं. पावसाळ्यात धरणातून गढूळ पाणी येतं, त्यामुळे क्लोरीनचं प्रमाण एकसारखं धरू नका. पाणी बदलण्याआधी दर वेळी क्लोरीन तपासायची पट्टी बुडवून बघायची.

झाकण काचेचं, वर वजन. डोकं गेलं तिथून अख्खी वाम जाते. एअर ट्यूब आणि हीटरची वायर निघते त्या कोपऱ्यात स्पंज घट्ट कोंबलेला आहे. या माशांचे सर्वाधिक मृत्यू बहुधा फरशीवरच होतात.

ऑक्टोबर: खाणं

आणताना जाळी वापरायची नाही. पाठीवरचे सुटे काटे जाळीत अडकतात, सोडवताना मासा जखमी होतो. पाइपसकट उचला, दोन्ही तोंडांवर तळवे.

दुकानातून येणारी वाम बहुतेक वेळा उपाशी असते. डोक्यामागे पाठ सुरीच्या पात्यासारखी दिसली तर घेऊ नका. फ्लेक्स आणि गोळ्यांकडे ती ढुंकून बघत नाही. दिवे घालवून अर्ध्या तासाने फ्रोझन ब्लडवर्म, काचेच्या नळीने थेट नाकापुढे सोडलेले. वास लागला की नाकपुडीच्या दोन नळ्या हलायला लागतात, सोंड डावी-उजवीकडे चाचपते, एक झटका, आणि अळीसकट मागच्या मागे वाळूत. वरून नुसतं टाकून दिलं तर डॅनिओसारखे चपळ छोटे मासे सगळं फस्त करतात आणि वाम हळूहळू वाळते. लोच मासे तर ठेवूच नका, ते त्याच वेळी तळाशीच खातात. गप्पी आणि छोटी कोळंबी हे सोबती नव्हेत, खाद्य आहे.

वजन भरायला गांडूळ सगळ्यात चांगलं. पण गांडूळखतातली लाल आयसेनिया पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते, मासे थुंकतात. युड्रिलस जातीचं गांडूळ चालतं, ओल्या कागदात २४ तास ठेवून पोट रिकामं करायचं, ब्लेडने १ सेंमीचे तुकडे. द्राक्षबागेतली गांडुळं मात्र चुकूनही नकोत. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी फवारण्या सुरू होतात, आणि वर्षानुवर्षांच्या बोर्डो मिश्रणाचं तांबं मातीत साठलेलं असतं. गांडूळ ते अंगात घेतं. वामीला तांबं सोसत नाही, म्हणून व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) झाला तरी त्यावर तांब्याचं औषध वर्ज्य. मॅलॅकाइट ग्रीन द्यावंच लागलं तर अर्धी मात्रा. त्याआधी ३० अंश तापमान आणि लिटरला २ ग्रॅम मीठ करून बघा.

डिसेंबर-जानेवारी: थंडी

रात्रीचा पारा १० च्या खाली उतरतो, आणि टाकी २५ ते २६ अंशांवर ठेवायची आहे. लिटरला एक वॉट हा हिशेब इथे तोकडा पडतो. ९२ लिटरला १५० वॉटचा हीटर, मागे आणि बाजूंना थर्माकोल. हीटरला प्लॅस्टिकच्या जाळीचं आवरण लागतंच. थंडीत वाम उबेला हीटरभोवती वेटोळं घालते आणि पोटावर भाजल्याचा पट्टा उमटतो. आवरणाची जाळी एवढी बारीक हवी की डोकं आत जाणार नाही.

वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप. मुख्य पंपाच्या नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर पाणी उलटं पंपात येतं.

सध्या दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलणं चालू आहे. नवं पाणी टाकीच्या तापमानाला आणूनच, एका अंशापेक्षा जास्त फरक नाही. तिन्ही वामींची पाठ गोल भरली आहे. वाळूच्या एका कोपऱ्यात काळा थर दिसतोय, तिथे पाइप असल्यामुळे वामी शिरत नाहीत. पाइप सरकवून तो भाग काडीने थोडा थोडा मोकळा करणं चालू आहे. एकदम उकरला तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटून मासे जातील.