अँटेना पुढे नेली, पण केबलने कमाई खाल्ली

सांगलीतल्या एका सभागृहात आठ कॉर्डलेस माईक कायमचे बसवून द्यायचे होते. सहा कॉलर, दोन हॅन्डमाईक. नाटकं, शाळांची गॅदरिंगं, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा, सगळं तिथंच होतं. मिक्सर मागच्या केबिनमध्ये, रंगमंचाच्या मध्यापासून २२ मीटरवर. तक्रार नेहमीची: दुपारी तालमीला माईक ठणठणीत, रात्री हॉल भरला की शब्द तुटतात. नाट्यपंढरीतला प्रेक्षक गिळलेला शब्द सोडत नाही, शेवटच्या रांगेतूनही ओरडतो.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे रिसीव्हरच विंगेत ठेवायचे आणि आवाज मल्टिकोअरने (एका आवरणात अनेक ऑडिओ तारा असलेली जाड केबल) मागे आणायचा. ऑडिओ केबलला तीस मीटर म्हणजे काहीच नाही. जमत असेल तर तेच करा, पुढचं वाचायची गरज नाही. इथे विंगेत माणूस बसवायची सोय नव्हती, आणि विंगेत ठेवलेली वस्तू पुढच्या कार्यक्रमाला सापडेल याची हमी कोणी देईना. म्हणून रिसीव्हर केबिनमध्येच ठेवून अँटेना पुढे न्यायच्या ठरल्या.

तसा प्रयत्न आधी कोणीतरी करून ठेवला होता. दोन पॅडल अँटेना (चपट्या, तोंडाच्या दिशेने जास्त ऐकणाऱ्या) रंगमंचाच्या कमानीजवळ, तिथून केबिनपर्यंत सीसीटीव्हीची केबल. टोकं उघडली तेव्हा आत सीसीटीव्हीवाले वापरतात ते शेपटीचे बीएनसी (फिरवून अडकवायचे केबलचे कनेक्टर) निघाले, लाल-काळ्या दोन तारा पिळून वर चिकटपट्टी. कॅमेऱ्याच्या व्हिडिओला हे चालतं. माईकच्या ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर असते, म्हणजे पाच सेंटिमीटरची उघडी शेपटी तरंगलांबीचा दहावा भाग झाली. तिथे जाळीचं आवरण संपतं, सिग्नल सांडतो आणि बाहेरचा कचरा आत शिरतो.

ही केबल ७५ ओमची आणि माईकची यंत्रणा ५० ओमची, यावर लोक फार भांडतात. खरं तर त्या फरकाने एका सांध्यावर ०.२ डेसिबलसुद्धा जात नाही. घात करतात ती विरळ जाळी आणि असली टोकं.

मी प्रथम आरजी-५८ ही ५० ओमची केबल ओढायच्या विचारात होतो, कारण ती बारीक, वळते आणि लगेच मिळते. कागदावर हिशेब केला आणि बेत बदलला. अँटेना २२ मीटरवरून ७ मीटरवर आणली की हवेतला तोटा सुमारे १० डेसिबलने कमी होतो. मधली केबल २८ मीटर. आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरमागे ३७ डेसिबलच्या आसपास खाते, म्हणजे २८ मीटरला दहा. जेवढं कमावलं तेवढं केबलमध्ये गेलं; अँटेना केबिनच्या काचेवर टांगली असती तरी आकडा तोच आला असता. त्याहून जाड आरजी-२१३ ला पाच-साडेपाच जातात. एलएमआर-४०० ला तीनच्या आत. म्हणून एलएमआर-४०० घेतली, दोन्ही बाजू मिळून ६५ मीटर.

ही केबल १०.३ मिलिमीटर जाड आणि हट्टी असते. ती थेट रिसीव्हरच्या बीएनसीला लावली तर तिच्या वजनानेच सॉकेट हलतं. म्हणून चारही टोकांना एन-टाईप कनेक्टर, आणि तिथून पुढे एक-एक मीटरचे आरजी-५८ चे मऊ जंपर, म्हणजे जोडतुकडे. दोन जंपर मिळून पाऊण डेसिबल जातो, तो जाऊ द्यावा. वळणं दहा सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नकोत. नळीत कोपऱ्याला काटकोनात ठोकलेली केबल बाहेरून शाबूत दिसते, आत फोम दबून मधली तार बाजूला सरकलेली असते.

टोक बनवताना दोन ठिकाणी हात चुकतो. एक, जाळीचा केसासारखा एक धागा आत वळून मधल्या पिनेला टेकतो. क्रिम्प करण्यापूर्वी, म्हणजे कनेक्टर दाबून पक्का करण्यापूर्वी, भिंगाने पाहून तो कापायचा. दुसरं, पिनेला डाग देताना सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं की फोम वितळतो आणि पिन तिरकी होते. तापलेलं आयर्न, तीन-चार सेकंद, बस. कनेक्टरची बाहेरची नळी दाबायला १०.९ मिलिमीटरचा डाय (दाबायच्या पकडीचा साचा) लागतो. आरजी-५८ चा ५.४ मिलिमीटरचा. साध्या पकडीने दाबलेलं टोक सहा महिन्यांत हलतं.

मग मोजमाप. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी यांत शॉर्ट नाही एवढंच कळतं. खरं कळतं ते नॅनोव्हीएनए या केबल-अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राने. केबलचं दुसरं टोक उघडं सोडायचं आणि रिटर्न लॉस, म्हणजे परतलेला सिग्नल किती डेसिबलने कमी झाला तो आकडा, वाचायचा. सिग्नल जाऊन परत येतो, म्हणून आलेल्या आकड्याचं निम्मं म्हणजे केबलचा तोटा. एका बाजूला ६.१ आला, म्हणजे तीन, ठीक. दुसरी बाजू ३३ मीटरची, तिथे सात यायला हवे होते, पण आलेख ठरावीक अंतराने वर-खाली हलत होता. एक टोक पुन्हा बनवल्यावर तो सरळ झाला. जुन्या सीसीटीव्हीच्या केबलला हाच प्रयोग करून काही उपयोग नव्हता. तोटा मोठा असला की जवळच्या टोकावरूनच परतलेली लहर आकडा बिघडवते.

पॅडल कमानीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून तीन मीटरवर, तोंड रंगमंचाच्या मध्याकडे. दोन्ही उभ्या लावल्या नाहीत, एक ४५ अंश डावीकडे आणि दुसरी उजवीकडे कललेली ठेवली, कारण नट वाकतो, झोपतो, आणि बॉडीपॅकची (कॉलर माईकचा अंगावर लावायचा ट्रान्समीटर) अँटेनाही त्याच्याबरोबर आडवी होते. लोखंडी बॅटनपासून (लाईट टांगायचा आडवा पाईप) एक मीटर दूर. एलईडी वॉलकडे पॅडलची पाठ येईल असं पाहिलं, ती वॉल रेडिओचा भरपूर गोंगाट करते.

केबिनमध्ये आठ रिसीव्हरांना सिग्नल वाटायला चार-चारचे दोन अॅक्टिव्ह डिस्ट्रिब्युटर. बीएनसीचे टी लावून वाटप करू नये. अँटेनाजवळ बूस्टर घेतला नाही. बूस्टर फक्त केबलचा तोटा भरायला असतो, आणि इथे चारच्या आसपासच जात होते. उगाच दहा डेसिबल वाढवले तर नट पॅडलच्या दोन मीटरवर आला की रिसीव्हर गुदमरतो. डिस्ट्रिब्युटर अँटेनाच्या तारेवर बूस्टरसाठी १२ व्होल्ट सोडतो, ते साध्या पॅडलसाठी बंद केलं.

फ्रिक्वेन्सीचं काम शेवटी, आणि रात्री. एलईडी वॉल, लाईट, सगळं चालू आणि सगळे माईक बंद ठेवून स्कॅन. जुने दोन सेट ७४० मेगाहर्ट्झच्या आसपासचे होते. ७०० चा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईलकडे गेला: ७०३ ते ७४८ मध्ये फोन बोलतात, ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर. आठशे प्रेक्षकांच्या खिशात आठशे ट्रान्समीटर घेऊन तिथे माईक चालवण्यात अर्थ नाही, ते दोन्ही सेट बाजूला काढले. हे आठ माईक ६०० च्या जवळ बसवले. सारख्या अंतराने बसवायचे नाहीत: ६००.०, ६००.४, ६००.८ घेतले तर पहिल्या दोघांच्या मिश्रणातून, दुसऱ्याची दुप्पट वजा पहिला, बरोबर ६००.८ तयार होतो आणि तिसऱ्या माईकच्या डोक्यावर बसतो. तिसरा ६०१.१ वर नेला की वाचतो. पॉवर १० मिलिवॉट पुरते; ५० केली की ही मिश्रणंच वाढतात.

चालून बघताना आठही माईक चालू. प्रत्येक रिसीव्हर ए आणि बी या दोन अँटेनांपैकी चांगला सिग्नल घेतो, म्हणून केबिनमध्ये आधी ए अँटेना काढून पूर्ण रंगमंच फिरायचा, मग बी काढून. दोन्ही लावून फिरलात तर मेलेली बाजू लक्षातच येत नाही, कारण दुसरी सांभाळून घेते. इथे बीवर डाव्या विंगेच्या मागे सिग्नल दोन काड्यांवर आला, ए आणि बी दोघांनी मिळून सांभाळला. मेकअपरूमच्या जिन्यात दोन्हीही सुटतात. तिथून कोणी संवाद म्हणत नाही, म्हणून ते तसंच ठेवलं.

कपडेपटात मात्र एक चिठ्ठी लावली: बॉडीपॅकची अँटेना गुंडाळून पिशवीत कोंबायची नाही, घामट पाठीला चिकटवायची नाही, आणि नऊवारीच्या जरीच्या काठाखाली तर मुळीच नाही.