पुण्यातली थंडीची खरेदी: गुडलक चौक ते तुळशीबाग, एका दिवसात

पुण्याच्या थंडीला जाड जॅकेट लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पण दुपारी तोच २८-३० वर जातो. सकाळी साडेसहाच्या क्लासला दात वाजतात आणि कॉलेज सुटताना जॅकेट काखोटीला मारून फिरावं लागतं. म्हणून या फेरीला निघतानाच ठरलं होतं की जे घ्यायचं ते एकावर एक चढवता आणि उतरवता आलं पाहिजे. यादीत चार कपडे होते: हुडी, उघडा घालायचा कॉर्डरॉयचा शर्ट, बॅगी जीन्स आणि संक्रांतीसाठी काळी कुर्ती. डिसेंबरचा दुसरा आठवडा, गुरुवार, कपड्यांसाठी २,५०० रुपये.

दिवस कामाचाच निवडा. शनिवार-रविवारी संध्याकाळी एफसी रोडच्या फुटपाथवर पाऊल ठेवायला जागा नसते, आणि गर्दीत दुकानदार कपडा उलटा करून बघू देत नाही. साडेअकरापर्यंत पोचलात तर बहुतेक दुकानं उघडलेली असतात, स्टॉल लागत असतात आणि बोहनीची वेळ असते. बोहनीला भाव पटकन खाली येतो, पण भाव ठरल्यावर मात्र घ्यायचंच. ठरवून पाठ फिरवली तर तो माणूस खरंच दुखावतो.

घरून निघताना एक काम विसरू नका. स्टॉलवर ट्रायल रूम नसते आणि लेबलवरच्या एम-एलवर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून अंगाला नीट बसणारी जीन्स घरी जमिनीवर सपाट पसरून मापं घ्या: कंबर, सीट, पुढचा राइज (कमरेपासून पायाच्या जोडापर्यंत), लांबी आणि पायाची मोहरी. टी-शर्टची छाती एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अंगाची छाती ३४ इंच असेल तर साधा टी-शर्ट ३८चा बसतो आणि ओव्हरसाइज ४२ ते ४४चा. याच्या पुढे गेलात तर तो ओव्हरसाइज न दिसता दादाचा उसना आणलेला दिसतो. आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि शिंप्याची टेप खिशात टाका.

डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनवरून चालत गुडलक चौकात आलो आणि तिथून एफसी रोड धरला. कपड्यांची खरी दाटी आहे ती रूपाली-वैशाली या हॉटेलांच्या पट्ट्यात आणि तिथल्या आतल्या बोळांमध्ये. पहिल्याच दुकानात काही घेऊ नका. एकदा टोकापर्यंत जाऊन या, कारण तोच माल चार ठिकाणी चार भावांना लटकत असतो.

सगळ्यात जास्त वेळ हुडीवर गेला आणि तो जाऊ द्यावा. बहुतेकांची फसगत इथेच होते. हातात जाड लागली की हुडी चांगली, असं वाटतं. पण जाडी कापडाची आहे की आतल्या फुगवलेल्या फरची, हे बघायला हवं. हुडी उलटी करा. आत बारीक दोऱ्यांचे फास दिसले तर ते लूपनिट, आणि मऊ लव असेल तर घासून काढलेलं फ्लीस. पुण्याला लूपनिट पुरतं. २४० ते २८० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कापड घ्या. ३२०च्या पुढची हुडी दुपारी बारानंतर अंगावर राहत नाही. दुकानदाराला जीएसएम माहीत नसेल तर कापड उजेडासमोर धरा, पलीकडची बोटं दिसली की ते हलकं. फ्लीसवर तळहात दहा वेळा जोरात घासा. लगेच गुठळ्या झाल्या तर दोन धुण्यांत आत गोळे धरणार. मनगटाची रिब, म्हणजे बाहीच्या टोकाची ताणणारी पट्टी, दुप्पट ताणून सोडा. ती झटकन मूळ मापावर आली तर आत लायक्राचा लवचिक धागा आहे. सैल लोंबत राहिली तर महिनाभरात बाही कोपरापर्यंत घसरणार.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कपडा दोन्ही खांद्यांना धरून हवेत लटकवा आणि बाजूच्या शिवणी बघा. त्या काखेपासून खाली सरळ उतरायला हव्यात. एकीकडची शिवण पोटावर आणि दुसरीकडची पाठीवर सरकलेली दिसली तर तो कपडा ठेवून द्या. विणलेल्या कापडात सुताचा पीळ नीट बसवलेला नसेल तर ते पीळ सुटण्याच्या दिशेने फिरतं, आणि पाण्यात गेल्यावर आणखी फिरतं. धुतल्यावर टी-शर्ट वाकडा होतो तो यामुळेच. इस्त्री करून तो सरळ होत नाही. लेबल कापलेल्या एक्सपोर्ट सरप्लसच्या (निर्यातीतून उरलेल्या मालाच्या) ढिगात असे तुकडे हमखास निघतात. त्याच ढिगात उत्तम मालही असतो, पण एकेक तुकडा लटकवून बघावा लागतो.

छापील चित्र असेल तर कडेला नख लावा आणि कापड थोडं ताणा. तडे दिसले तर पुढच्या थंडीपर्यंत चित्र टिकणार नाही. आम्ही बिनचित्राची, गडद ऑलिव्ह हुडी घेतली. सांगितले ८००, सुटली ५५०ला. घासाघीस ओरडून होत नाही. “दादा, नीट सांगा ना, शर्टपण घेतोय,” एवढं पुरतं. दोन नग एकत्र घेतले की दोन्हींवर उतरतात. कॉर्डरॉयचा शर्ट त्याच दुकानात ४५०ला मिळाला. कॉर्डरॉय घेताना कापड घडी घालून वाकवा. दोन रेघांच्या मध्ये खालचं विणकाम उघडं दिसलं तर कोपरावर ते लवकर टक्कल पडल्यासारखं होणार. खिसा आणि छातीच्या रेघा एकाच दिशेच्या आहेत ना, हेही बघा. लव उलटसुलट लागली असेल तर उन्हात खिसा वेगळ्या रंगाचा दिसतो.

जीन्ससाठी टेप काढायला लाजू नका. कमरेचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळून माप घेण्याची युक्ती सगळे सांगतात, पण ती ताणल्या जाणाऱ्या कापडावर चुकते आणि सीटचं माप तर देतच नाही. बॅगीमध्ये कंबर आणि सीट आपल्या मापाची हवी, सैलपणा मांडीपासून खाली हवा. कंबरच दोन इंच मोठी घेऊन पट्टा आवळला की पुढे चुण्या पडतात आणि खिसे फाकतात. चेन पाच वेळा वर-खाली करा आणि खिशाचं अस्तर बघा. ते मलमलीसारखं विरळ असेल तर मोबाइल ठेवल्यावर आधी तेच फाटतं. जीन्स ६५०ला पडली. लांबी जास्त होती, पण ती लगेच कापायला दिली नाही. नवी जीन्स पहिल्या धुण्यात इंचभर आखडू शकते. आधी धुवा, मगच शिंप्याकडे द्या, आणि खालची मूळ किनार तशीच लावून द्यायला सांगा.

पैसे देण्याआधी बदलीचं विचारा. बऱ्याच ठिकाणी कपडा बदलून मिळतो, पैसे परत नाहीत, आणि बदली फक्त कामाच्या दिवशी दुपारी. दुकानाच्या कार्डावर तारीख लिहून शिक्का मारून घ्या. मोठ्या दुकानात पाटी वाचा: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. “टॅक्स वेगळा” म्हणत असतील तर तो धरूनच हिशोब करा.

डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत कानातली, बॅगा आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथे वीस मिनिटं पुरेत. पुढे लकडी पूल ओलांडून अलका चौक, आणि तिथून लक्ष्मी रोड सरळ. तुळशीबागेपर्यंत रमतगमत अर्धा-पाऊण तास धरा.

तुळशीबागेत येण्याचं कारण काळी कुर्ती. संक्रांतीला काळं घालायचं म्हणून जानेवारी लागला की गल्लीगल्लीत काळंच काळं लटकतं, आणि भावही चढतात. डिसेंबरात माल आलेला असतो, मापं पूर्ण असतात आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. काळ्या रंगाची परीक्षा दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. विचारून कुर्ती दारापर्यंत उजेडात न्या. पांढऱ्या दिव्याखाली काळीभोर दिसणारी एक कुर्ती बाहेर आणल्यावर चक्क तपकिरी निघाली, आणि शेजारच्या ओढणीचा काळा हिरवट. संच घेत असाल तर तिन्ही कपडे एकमेकांवर ठेवून उन्हातच बघा. मग पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि आतल्या शिवणीवर दहा वेळा घासा. फिकट राखाडी डाग चालेल. रुमाल काळा झाला तर घामाने मान, काख आणि पर्सचा पट्टाही काळा होणार. या परीक्षेत उतरली ती तिसऱ्या दुकानातली कुर्ती, तीच घेतली: सुती, ४०० रुपये, बाजूच्या शिवणीत आत इंचभर कापड सोडलेलं, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल.

ट्रॅडिशनल डेसाठी खणाची कुर्ती बघत असाल तर पूर्वापार खणाचा पन्हा अरुंद असतो हे लक्षात ठेवा. त्यामुळे अंगात जोड येतात, तो दोष नव्हे. जोडावर काठ आणि बुट्ट्या जुळतात का तेवढं बघा. बाजारात पॉलिएस्टरचा खण पुष्कळ आहे. तो चमकतो, पण दिवसभर घातला तर टोचतो.

या गल्ल्यांमध्ये मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि यूपीआय अडकतं. शंभर-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, पाठीवरची सॅक पुढे घ्या. कानातली ६० रुपयांना घेऊन कपड्यांचा एकूण खर्च झाला २,११०.

परतीला मंडई स्टेशनवरून मेट्रो घ्या. वनाझ किंवा रामवाडीकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालयाला बदलावी लागते. तिथला खालचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, म्हणून सरकत्या जिन्यांसाठी दहा मिनिटं धरा. शिकत असाल तर विद्यार्थी पासवर भाड्यात सवलत मिळते.

काळी कुर्ती त्याच आठवड्यात, संक्रांतीची वाट न बघता, उलटी करून गार पाण्यात एकटी धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ टाकून रंग पक्का होत नाही. पहिली तीन धुणी तिला वेगळीच ठेवा, आणि तिसऱ्या धुण्यातही पाणी काळं आलं तर कार्ड घेऊन बदलीची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.