आधी पिन ठरवा, मग गन

पोटमाळ्यात वाशांच्या खालच्या बाजूने उष्णता अडवायला बबल फॉइल, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचं आणि वरून चकचकीत ॲल्युमिनियम असलेलं अस्तर, लावायचं ठरलं आणि आमच्या घरात स्टेपल गनचे तज्ज्ञ उगवले. भावाला कॉम्प्रेसरवर चालणारी हवी होती. नवऱ्याला हॅमर टॅकर, म्हणजे हातोडीसारखा आपटला की पिन बसते तो. सगळी चर्चा ताकदीची. माझा मुद्दा वेगळा होता: फॉइल वाशाला धरून ठेवणार पिन, मग सुरुवात तिच्यापासून का करू नये?

५३ नंबरची पिन बारीक, गोल तारेची असते. गादीकामाला, कापडाला ती उत्तम, पण फॉइलवर ताण आला की तीच तार सुरीसारखी कापत जाते. १४० नंबरची पिन चपट्या तारेची असते आणि फॉइलला दाबून धरते. आपल्याला हीच हवी. गनवर कोणते नंबर चालतात ते छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण नंबर चुकला की पिन नळीतच अडकते.

पायाची लांबी ६ ते १४ मिमीपर्यंत मिळते. माझं फॉइल साधारण ४ मिमी जाड, म्हणून मी १० मिमीच्या घेतल्या. लाकूड जुनं आणि कडक असेल तर लांब पाय आत जाण्याऐवजी दुमडतात, तिथे आखूड पिनच बरी. दमट जागेत गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, लावणाऱ्यांनी पिन कडेच्या कागदी पट्टीतच मारावी. लोकर दाबली की तिच्यात अडकलेली हवा जाते, आणि उष्णता अडवते ती हवाच.

आता गन. हॅमर टॅकर मोकळ्या, सपाट जागेत भराभर काम उरकतो, पण उतरत्या छताखाली हात फिरवायला जागा कुठे? शिवाय नेम म्हणाल तर देवाच्या भरवशावर. हाताने दाबायची गन स्वस्त आणि भरवशाची, पण माझ्या अंगठ्याच्या सांध्याला डोक्यावर हात धरून ती शेकडो वेळा दाबणं झेपणारं नव्हतं. तरी ज्यांना तीच घ्यायची आहे त्यांनी दांडा पुढच्या बाजूने दाबला जातो असा प्रकार पाहावा. दाब थेट तोंडावर येतो, त्यामुळे गन उसळत नाही आणि पिन अर्धवट बाहेर राहत नाही. आणि दुकानात मूठ आवळून बघा. लहान पंजाच्या माणसांचा विचार ही अवजारं बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

मी बॅटरीवरची घेतली, ताकद कमी-जास्त करायच्या चकतीसकट. जास्त ताकदीवर पिन फॉइल फाडून आरपार जाते, म्हणून आधी टाकाऊ फळीवर चकती जुळवली. वजन मात्र जाणवतं. दर थोड्या वेळाने खाली उतरून खांदे मोकळे करावे लागले.

विजेबद्दल मात्र मी घरात कोणाचंही ऐकलं नाही. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये सरकारी योजनेतून घराघरांत इन्सुलेशन (उष्णता अडवणारे थर) बसवताना फॉइलला मारलेल्या धातूच्या पिना वायरमध्ये घुसल्या, अख्खं फॉइल वीजभारित झालं आणि माणसं दगावली. २००९ मध्येच तिथे फॉइलसाठी धातूच्या पिनांवर बंदी आली. त्या योजनेत एकूण चार तरुण कामगार गेले, चौकशी आयोगही बसला. आमच्या वाशांवरून जुनी वायर गेलेली होती. ती इलेक्ट्रिशियनकडून काढून घेतली, मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि मगच पहिली पिन मारली. उजेडाला डोक्यावरचा बॅटरीचा दिवा, डोळ्यांना चष्मा, कारण वर तोंड करून मारताना निसटलेली पिन खालीच येते.

साधारण २० सेंमी अंतराने पिना, छताचा पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये किमान २५ मिमी हवेची पोकळी, आणि सांध्यांवर फॉइल टेप. टेपचे तुकडे आधीच कापून शिडीच्या पायरीला चिकटवून ठेवले, कारण एका हातात गन असताना टेपचं टोक सापडत नाही.