खाचेच्या तळाशी पडलेली भेग

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रातलं २१० मेगावॉटचं युनिट ओव्हरहॉलला, म्हणजे मोठ्या देखभालीसाठी, उघडलं होतं. हाय प्रेशर रोटर, म्हणजे टर्बाइनचा जास्त दाबाच्या वाफेने फिरणारा जाड शाफ्ट, बाहेर काढून स्टँडवर ठेवलेला. हा रोटर अजून किती चालेल आणि कुठल्या अटींवर, हे सांगण्याचं काम आमच्याकडे होतं. आधीच्या ओव्हरहॉलचा पेनिट्रंट टेस्टचा (भेगेत रंग शिरवून ती शोधायची चाचणी) अहवाल स्वच्छ होता, पण माझा त्यावर भरवसा नव्हता. ५३५ अंश सेल्सिअसच्या वाफेत पडलेली भेग आतून ऑक्साइडने भरून जाते, मग रंग शिरायला जागाच उरत नाही. रोटर चुंबकित करून त्यावर टाकलेले चमकणारे चुंबकीय कण मात्र अशा भरलेल्या भेगेवरही गोळा होतात. म्हणून रोटर ग्रिटने साफ करून घेतला, वर ताडपत्री टाकून अंधार केला आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला.

"सर, इकडं या जरा. इथं चमकून राहिलं," आमचा तपासनीस म्हणाला.

वाफ आत येते त्या बाजूच्या सीलजवळ, शाफ्टभोवती कोरलेल्या एका खाचेच्या तळाशी हिरवी रेघ होती. मधेमधे तुटलेली, पण शाफ्टला जवळजवळ पूर्ण वेढा घालणारी.

केंद्रातले साहेब येऊन बघून गेले. खोली मोजली तर दोनेक मिलिमीटर भरत होती. एवढ्या जाड शाफ्टवर दोन मिलिमीटर म्हणजे काय, घासून काढा आणि रोटर बसवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्यावर युनिट वेळेत देण्याचा दबाव होता आणि तो मला दिसत होता. पण माझ्या डोक्यात खोलीपेक्षा दुसरा प्रश्न होता: भेग नेमकी इथेच का पडली, आणि घासल्यावर तिथे जो आकार उरेल तो काय करेल?

थंड रोटरवर गरम वाफ आली की पृष्ठभाग आधी तापतो. त्याला फुलायचं असतं, आतला थंड गाभा फुलू देत नाही. पृष्ठभाग दाबला जातो. खाचेच्या तळाशी हा दाब अडीचपटीपर्यंत चढतो आणि तिथलं पोलाद कायमचं दबतं. काही तासांनी गाभाही तापतो. आता दबलेला थर आखूड पडलेला असतो, म्हणून तो ताणला जातो, आणि युनिट लोडवर असेपर्यंत, ५०० अंशांच्या वर, दिवसेंदिवस ताणलेलाच राहतो. हा ताण हळूहळू उतरतो खरा, पण तो धातू क्रीपने, म्हणजे उष्णतेत ताणाखाली हळूहळू, सरकल्यामुळे उतरतो, आणि त्या सरकण्यात आयुष्य खर्च होत असतं. थंड पोलादाच्या फटीगच्या, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकण्याच्या, आलेखात एक सपाट पातळी असते, तिच्याखाली ताणाचे कितीही फेरे चालतात असं आपण शिकतो. गरम धातूत त्या सपाटीचा आधार घेता येत नाही. तिथे फेऱ्यांबरोबर तासही मोजावे लागतात.

म्हणून मी लॉगबुकं मागवली. किती वेळा युनिट थंड अवस्थेतून सुरू झालं, किती वेळा गरम असताना, हे शिफ्टच्या नोंदींतून वेचून काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. चित्र स्पष्ट होतं: हा रोटर बेस लोडसाठी, म्हणजे सतत एकसारखं चालण्यासाठी, बनवलेला होता, आणि गेल्या काही वर्षांत बंद-चालू भराभर वाढलं होतं. दुपारी सौर वीज येते, कोळशाच्या युनिटांना खाली यावं लागतं, कधी बंदच व्हावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी तर ४० टक्के लोडपर्यंत उतरण्याची तयारी मागितली आहे. सौर वीज हवीच. पण तिची काही किंमत अशा खाचांच्या तळाशी मोजली जाते, आणि ती कुणीतरी मोजायला हवी.

हिशेब साधाच केला. पृष्ठभाग आणि रोटरचं सरासरी तापमान यांत १०० अंशांचा फरक धरला, तर सपाट भागावर साधारण ३४० मेगापास्कलचा स्ट्रेस (धातूच्या आतला जोर) येतो. जुन्या खाचेचा गुणक, म्हणजे तळाशी स्ट्रेस जितक्या पट होतो तो आकडा, २.५; म्हणून कागदावर ८५०. पोलाद तिथे तेवढं सोसत नाही, ४०० च्या आसपासच कायमचं आकार बदलू लागतं. मग १९६१ चा नॉइबरचा नियम लावायचा: स्ट्रेस आणि स्ट्रेन (धातूची लांबी किती टक्के बदलते) यांचा गुणाकार कागदावरच्या हिशेबाइतकाच ठेवायचा. स्ट्रेन एक टक्क्याच्या वर गेला. तळाची गोलाई वाढवून गुणक १.८ वर आणला, तर तो जवळपास निम्मा होतो, आणि फटीगचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. अशा वर्तुळाकार खाचेत हा नियम स्ट्रेन थोडा जास्तच दाखवतो. मला ते चालतं.

रेप्लिकाही, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचे फिल्मवरचे ठसे, घेतल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्साइडने भरलेली, बोथट, सरळ जाणारी भेग दिसली. पोलादाच्या स्फटिककणांच्या सीमांवर क्रीपच्या पोकळ्या होत्या, पण विरळ, साखळी झालेली नव्हती. रोटर वाचवण्यासारखा होता.

सभेत मी मांडलं की हातग्राइंडरने घासू नका. भेग जाईल, पण तळाशी नवा कोपरा राहील. लेथवर मोठ्या गोलाईची खाच कापा, पॉलिश करा आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा चुंबकीय तपासणी करा. "म्हणजे आठवडा गेला," कुणीतरी म्हणालं. तेव्हा मी गॅलॅटिन वीज केंद्राचं उदाहरण दिलं. अमेरिकेत टेनेसीमध्ये १९७४ साली सुमारे १,०६,००० तास चाललेला रोटर थंड सुरुवातीच्या वेळी फुटला. तिथली भेग रोटरच्या मधल्या बोअरजवळच्या (आरपार भोकाजवळच्या) अशुद्धींपासून वाढली होती, आमची पृष्ठभागावर होती. पण फटीग आणि क्रीप यांनी मिळून केलेलं काम तेच. त्यानंतर साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी लेथवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या कापानंतर रेघ गेली. मी तरी आणखी थोडा थर काढायला लावला, कारण भेगेपुढचा धातूही दमलेला असतो.

शेवटी आम्ही स्टार्ट-अपचा आलेख नव्याने आखला. वाफ आणि धातू यांच्या तापमानातल्या फरकाला मर्यादा घातली, थंड सुरुवातीत रोटर आतपर्यंत तापू देण्याचा वेळ वाढवला. कंट्रोल रूममधल्या शिफ्ट इंजिनिअरने विचारलं, "वरून लवकर लोड मागितला तर?" मी मर्यादेचा आकडा साहेबांच्या सहीने पॅनेलवर लावून घेतला. पुढची तपासणीही तारखेवर ठेवली नाही, ती थंड सुरुवातींच्या संख्येवर बांधली, आणि ती संख्या रोज नोंदवायला शिफ्टच्या रजिस्टरमध्ये एक वेगळा रकाना पाडला.