इचिकी तुकडीचा माग काढताना

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ मध्ये, जपानी सैन्यातले कर्नल इचिकी कियोनाओ यांची सुमारे ९०० जणांची तुकडी प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटावर उतरली आणि दोन-तीन दिवसांत अमेरिकनांशी लढताना तिच्यातले बहुतेक जण मारले गेले. जपानी बाजूने हे कुणी, कशाच्या आधारावर लिहून ठेवलं, हे मला शोधायचं होतं.

सुरुवात इंग्रजीतल्या ‘जपानी मोनोग्राफ’पासून केली. युद्धानंतर अमेरिकन ताबा-प्रशासनाच्या हुकमावरून माजी जपानी अधिकाऱ्यांनी लिहिलेले हे वृत्तांत. शरणागतीच्या वेळी लष्कराने ढीगभर कागदपत्रं जाळली होती. त्यामुळे वाचलेले कागद, खासगी टिपणं आणि आठवणी यांवर हे लिखाण उभं आहे. मी ते साक्ष म्हणून वाचलं, दप्तर म्हणून नाही. नवख्याने इथपासूनच सावध राहावं.

पुढचा टप्पा ‘सेन्शी सोशो’: १९६६ ते १९८० दरम्यान निघालेला १०२ खंडांचा जपानी युद्धइतिहास. तो जपानच्या संरक्षण अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. मूळ कागदांसाठी मात्र आशियाई ऐतिहासिक नोंदींच्या डिजिटल संग्रहात शिरावं लागलं. तुकडीचं नाव कांजीत (जपानीतल्या चिनी अक्षरांत) टाकून शोधायचं, संदर्भ क्रमांक उतरवून घ्यायचा, शोवा या जपानी सम्राटाच्या सनात १९२५ मिळवायचे (शोवा १७ म्हणजे १९४२), हे लवकर अंगवळणी पडतं. हस्तलिखित पानं मात्र जीव काढतात. घाईघाईतलं वळणदार अक्षर, मध्ये काताकाना ही जपानी अक्षरलिपी. एकेका ओळीवर संध्याकाळ जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो घड्याळाने. जपानी सैन्य टोकियोची वेळ पाळत असे, बेटावरची वेळ दोन तास पुढे. मध्यरात्रीच्या आसपासचा हल्ला एकीकडे २० ऑगस्टला, दुसरीकडे २१ ऑगस्टला. लढाई जिच्या काठी झाली त्या नदीचंही तेच: अमेरिकन नकाशावरची तेनारू जपानी कागदांत ‘नाकागावा’ होते. वेळ आणि जागा दोन रकान्यांत मांडल्याशिवाय दोन्ही बाजूंची लढाई एकच आहे हेच कळत नाही.

इचिकींच्या मृत्यूचे तर दोन वृत्तांत आहेत. एकात त्यांनी रेजिमेंटचा ध्वज जाळून आत्महत्या केली, दुसऱ्यात ते लढताना पडले. तुकडीच जवळजवळ संपल्यावर हे पाहिलं कुणी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ध्वज जाळण्याची हकिगत, म्हणजे तो शत्रूच्या हाती पडू दिला नाही ही, सैन्याची लाज राखणारी आहे, म्हणून ती मी सहज स्वीकारत नाही. माझ्या टिपणात दोन्ही वृत्तांत शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि प्रत्येकासमोर तो सांगणारा त्या रात्री कुठे होता यासाठी एक रकाना.